शेणव्याच्या वाटेवर गिअरबॉक्सची शस्त्रक्रिया

चहा गार होण्याआधी संपवा. मधेच हसू आलं तर माझ्या चादरीवर सांडेल. दुसऱ्यांच्या फजित्या सांगताना माझी वाणी किती रसाळ होते, हे तुम्ही अनेकदा ऐकलं आहे. आज तीच वाणी मी स्वतःवर चालवून पाहणार आहे. बघू या, धार तेवढीच लागते का!

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. मी मुलींच्या शाळांची तपासनीस. पदार्थविज्ञानात एम.एस्‌सी. झालेल्या बाईचं करायचं काय, असा पेच सरकारला पडला असावा. त्यांनी तिला मुरबाड आणि शहापूर तालुक्यांत वर्गाच्या खिडक्या मोजायला पाठवलं. वडील नुकतेच वारले होते. त्यांनी मागे दोन गोष्टी ठेवल्या: एक लहानशी विलायती मोटार, आणि कोणाचंही ऐकायचं नाही ही सवय. दोन्ही वारसाहक्काने माझ्याकडे आल्या.

मोटार होती, पेट्रोलची कूपनं होती, चालवणारी मी होते. मग अडचण काय? अडचण होती शिपाई.

खात्याच्या रिवाजाप्रमाणे दौऱ्यावर माझ्याबरोबर तुकाराम नावाचा एक शिपाई येई. माझं सामान मीच उचलत असे. तुकाराम फक्त माझं नाव उचलत असे. "बाईंना कोंबडी लागते," "बाईंना तांदूळ आवडतो," अशी माझी आवड तो गावोगाव परस्पर जाहीर करी. मी शाकाहारी आहे हो! वर्षभरात माझ्या नावावर किती कोंबड्या गेल्या असतील, त्याचा हिशेब चित्रगुप्तच जाणे.

शेवटी मी साहेबांपुढे उभी राहिले. साहेब म्हणजे आमचे वरिष्ठ. वयस्कर, बारीक चणीचे, आणि समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत डोळे मिटून बसणारे.

"मला शिपाई नको, साहेब. मी एकटी फिरेन."

त्यांनी डोळे उघडले. "बाई, तो संरक्षणाला असतो."

"कोणापासून?"

"वाघ आहेत. चोरचिलटं आहेत. आणि रानात मोटार बंद पडली तर?"

"वाघाने तुकारामला पाहिलं तर तो आधी पोट धरून हसेल. आणि मोटारीचं म्हणाल, तर ती कशी चालते हे मला कळतं. ज्याला यंत्र कसं चालतं ते कळतं, त्याला ते का बंद पडलं हेही कळतं."

काय वाक्य होतं! तेव्हा मला ते अगदी सूत्रासारखं वाटलं होतं.

साहेब म्हणाले, "ठीक आहे. ही एक फेरी एकट्या करा. मुरबाडकडच्या शाळा आटपून शनिवारी दुपारच्या बैठकीला शहापूरच्या डाकबंगल्यावर या. वेळेवर, आणि कोणाची मदत न घेता. आलात, तर शिपायाचा विषय मी पुन्हा काढणार नाही. नाही आलात, तर नोकरी असेपर्यंत तुकाराम."

नोकरी असेपर्यंत तुकाराम! शिक्षा याहून कडक असू शकते?

तर मी एकटी निघाले. आठवडा उत्तम गेला. शनिवारी सकाळी मुरबाडच्या पुढच्या एका गावातली शेवटची शाळा तपासली. निघताना तिथल्या पाटलीणबाई कारळ्याच्या, म्हणजे तिकडच्या खुरासणीच्या, तेलाने भरलेलं एक मडकं घेऊन आल्या. "घाण्याचा नवा तेल हाय बाय, खुरासणीचा. डोक्याला लावा, कायपन करा."

मी त्यांना उभ्याउभ्याच समजावलं की सरकारी नोकराने भेट घेणं हा लाच घेण्याचा पहिला टप्पा असतो, मग ती भेट तेलाची असो वा सोन्याची. जरा लांबलंच ते, पण मुद्देसूद होतं. पाटलीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, "बरा बाय," म्हणाल्या, आणि हसल्या. एका फटक्यात पटलं! मला वाटलं, पाहा, तुकाराम नसला की खेड्यातल्या माणसांना तत्त्वं कशी चटकन कळतात. त्यानंतर मी वर्गाच्या फळ्यावर मुलींना एक अपूर्णांक समजावून आले आणि मोटारीत बसले.

सरळगाव गेलं, काळू नदीची फरशी ओलांडली, आणि शेणव्याच्या अलीकडे एका आंब्याखाली रेडिएटरला पाणी घालायला थांबले. वेळ हाताशी भरपूर होता. पाणी घातलं, आणि सवयीप्रमाणे खाली वाकून पाहिलं.

टप्. थोड्या वेळाने पुन्हा टप्.

मोटारीच्या पोटाखाली धुळीत एक काळपट, तेलकट डाग पडला होता. थेंब कुठून येत होता? गिअरबॉक्सच्या तळाला एक पसरट झाकण असतं, परातीसारखं. ते आणि वरचा भाग यांच्यामध्ये जाड कागदाची किंवा बुचाची एक पट्टी असते. तिला गॅस्केट म्हणतात, आपले मिस्त्री पॅकिंग म्हणतात. परातीच्या त्या काठावर तेल चारी बाजूंनी ओथंबलं होतं.

आता सामान्य माणूस काय करेल? बोट लावून वास घेईल. मी सामान्य नव्हते. मी पांढऱ्या कागदावर थेंब धरला, उन्हात पाहिला, कागद तिरपा करून तो किती हळू ओघळतो ते पाहिलं. रंग काळा, ओघळ मंद, उगम गिअरबॉक्सचा काठ. निष्कर्ष: गॅस्केट गेलं. तेल संपलं की दात घासतील, दात घासले की चक्रं तुटतील, आणि चक्रं तुटली की तुकाराम.

तेवढ्यात मागून तीन-चार बैलगाड्या आल्या. शनिवारच्या बाजाराला शहापूरला निघाल्या होत्या. पुढच्या गाडीवर गोमा नावाचा एक मिशीवाला शेतकरी, आणि शेजारी त्याची बायको बायजा. ही नावं मला लगेच कळली, कारण ती दोघं एकमेकांना हाका मारून भांडतच येत होती.

"काय झाला गो बाय?" गोमा उतरला. "मोटार बसली काय?"

"बसली नाही. गळते आहे."

"मंग बैल जुपतो ना म्होरं! शापूरपातुर वढून न्हेतो. आमाला तितंच जायाचा हाय."

पाहा, मोह कसा चालून येतो! पण साहेबांची अट आठवली. कोणाची मदत न घेता. बैल हे मदतीत मोडतात की नाही यावर वाद घालता आला असता. पण शास्त्रज्ञाने पळवाटा काढू नयेत. "नको," मी म्हटलं. "मी दुरुस्त करते."

"तुमी?" बायजा गाडीतूनच ओरडली. "मोटारीखाली निजून?"

"हो. निजून."

"अगो आये! गोमा, बैल सोड. ह्यो बाजार काय पळून जात नाय. ह्या बघायाचा हाय मना!"

बैल सुटले. सगळ्या गाड्यांचे सुटले. शस्त्रक्रियेला असे प्रेक्षक मुंबईच्या मोठ्या सर्जनलाही मिळत नसतील. मी पदर खोचला, घोंगडी अंथरली, हत्यारं ओळीने मांडली आणि पान्हा घेऊन खाली सरकले.

प्रथम तळाचं बूच काढून सगळं तेल माझ्या तोंड धुण्याच्या घमेल्यात काढलं. घमेलं बाजूला सरकवलं. मग परातीचे बोल्ट. आता मला सांगा, प्रेक्षक असताना गप्प कसं राहायचं? मी मोटारीखालून व्याख्यान सुरू केलं. चक्रं म्हणजे काय, तेल कशासाठी, घर्षण म्हणजे काय.

वर गोमा म्हणत होता, "दिष्ट लागली मोटारीला. बिब्बा बांदा म्होरं."

"बिब्बा तुज्या तोंडाला बांद," बायजा म्हणाली. "बाय शिकलेली हाय. तिला म्हाईत आसंल."

ऐकलंत? शिकलेली आहे, तिला माहीत असेल! एवढा विश्वास माझ्या परीक्षकांनीही कधी दाखवला नव्हता.

परात खाली आली. आतली चक्रं चकचकीत, दात शाबूत. गॅस्केट पाहिलं. कुठे चीर नाही, कुठे भोक नाही, आतली कड कोरी करकरीत. एखाद्या प्रामाणिक शास्त्रज्ञाने इथे थांबायला हवं होतं. पुरावा सिद्धांताच्या विरुद्ध जात असेल तर काय करायचं, हे मी स्वतः कॉलेजात दोन वर्षं शिकवलेलं आहे. पण मी काय केलं? मी म्हटलं, चीर सूक्ष्म असणार. मग सुरीच्या टोकाने गॅस्केट खरवडून सोडवलं. सोडवताना ते मधोमध फाटलं.

"बघा!" मी वर कागद नाचवला. "इथे फाटलं होतं!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. सुरी कोणी पाहिली नव्हती. मी पाहिली होती, पण मीही मान डोलावली.

नवं गॅस्केट लढाईच्या दिवसांत कुठून आणणार? मी फायलीचा जाड पुठ्ठा घेतला, परात त्यावर ठेवून रेघ मारली, कात्रीने कापला, बोल्टांची भोकं केसांतल्या आकड्याने पाडली. सुंदर झालं होतं हो! आजही मला त्या गॅस्केटचा अभिमान आहे. मग ते बसवून बोल्ट आवळायला घेतले. बोल्ट ओळीने आवळायचे नसतात. समोरासमोरचे आवळायचे असतात, म्हणजे दाब सारखा बसतो. हे मी मोटारीखालून सगळ्या शहापूर तालुक्याला समजावलं.

"आनि किती आवळायचा बाय?" गोमाने विचारलं. आमच्या व्याख्यानांना शंका विचारणारा पहिला श्रोता.

"जितका घट्ट तितका चांगला," मी म्हटलं, आणि उदाहरणादाखल शेवटच्या बोल्टाला पान्ह्यावर सगळा भार देऊन आणखी एक वेढा दिला.

कट्.

त्यानंतर तो बोल्ट फिरतच राहिला. उजवीकडे फिरे, डावीकडे फिरे, घट्ट मात्र होईना. आटे गेले होते. मी गुपचूप पान्हा खाली ठेवला. व्याख्यान तेवढ्यापुरतं संपलं, असं प्रेक्षकांना वाटलं असेल.

असू दे, एका बोल्टाने काय होतंय, असं म्हणत मी बाहेर आले. आता काढलेलं तेल परत भरायचं, की निघाले! हात पुसत घमेल्याकडे वळले.

घमेलं रिकामं. नुसतं रिकामं नव्हे, चाटूनपुसून स्वच्छ.

"तेल कुठे गेलं?"

"ह्ये काय," गोमा अभिमानाने म्हणाला आणि गाडीच्या चाकाकडे बोट केलं. आस काळ्या तेलाने निथळत होता. मागच्या गाड्यांचेही आस निथळत होते. "आग्रा रोडला लारीवालं काळा तेल काढून फेकून देतात, आमी वंगनाला घेतो. तुमी काढलाव, म्हनला टाकनार. चांगला तेल हाय बाय! चाक बगा, कसा फिरता!"

आणि त्याने चाक फिरवूनसुद्धा दाखवलं.

मला सांगा, रागवायचं कोणावर? मोटारीतून काढलेलं तेल टाकायचंच असतं, हा त्याचा निष्कर्ष त्याच्या पुराव्यांशी पूर्ण सुसंगत होता. माझ्या निष्कर्षाबद्दल तसं म्हणता येत नव्हतं. माझ्या घर्षणाच्या व्याख्यानाचा एवढा तत्पर उपयोग कोणी आजवर केलेला नाही.

पण आता? कोरड्या गिअरबॉक्सवर शहापूर गाठणं अशक्य. जवळ तेलाचा पंप नाही, आणि असता तरी लढाईत तेल कुठलं? सूर्य डोक्यावर येऊन पश्चिमेला कलू लागला होता. मला तुकारामची पगडी दिसू लागली. कोंबड्यांचा कलकलाट ऐकू येऊ लागला.

इकडे बायजाला मोटारीत बसून पाहायचं होतं. "बसू काय गो जराशी? कदी बसले नाय." मी नुसती मान हलवली, माझं तिकडे लक्ष नव्हतं. ती पुढच्या डावीकडच्या सीटवर ऐटीत बसली, पाय आत घेतले, आणि दुसऱ्याच क्षणी किंचाळली.

"अगो बाय बाय बाय! माजा नवा लुगडा!"

लुगड्याचा काठ तेलाने भिजला होता. तिने सीटखाली हात घातला, पेंढा बाहेर ओढला, आणि पेंढ्याच्या मागून एक मडकं. तोंडाला फडकं बांधलेलं, काळूच्या फरशीवरच्या धक्क्यांनी एका अंगाला कललेलं. फडक्यातून तेल पाझरत होतं, लाकडी तळाच्या फटीतून गिअरबॉक्सवर उतरत होतं, तिथला वर्षांचा मळ धुऊन काळं होत होतं, आणि परातीच्या काठावरून शास्त्रशुद्ध रीतीने धुळीत पडत होतं.

टप्.

बायजाने बोट लावून नाकाशी नेलं. "खुरासणी!"

ते पाटलीणबाईंचंच मडकं होतं. "मी त्यांना नको म्हणून सांगितलं होतं," मी म्हटलं. "स्पष्ट सांगितलं होतं!"

बायजा माझ्याकडे पाहू लागली, जशी मी वर्गातल्या सर्वांत मठ्ठ मुलीकडे पाहते. "नको तर समदेच म्हनतात गो! पावन्याने नको म्हनायचा आनि आपन गाडीत पेंढ्याखाली ठेवायचा. घरी गेल्यावर गावतो. तुमच्यात नाय काय आशी रीत?"

"आमच्यात," मी म्हटलं, "नको म्हणजे नको."

"मंग तुमच्याकडं पावना उपाशीच मरत आसंल."

गोमा मात्र मूळ मुद्द्यावर होता. "म्हंजी बाय, मोटारीला काय झालाच नव्हता?"

धडधाकट माणसाच्या शर्टावर आमटी सांडलेली पाहून मी त्याचं पोट फाडलं होतं.

आणि मग मी ते केलं, जे मी सकाळी पाऊण तास समजावून नाकारलं होतं. मडकं उचललं, फडकं सोडलं, आणि पाटलीणबाईंचं घाण्याचं ताजं तेल सगळंच्या सगळं गिअरबॉक्समध्ये ओतलं. लाच घेऊ नये हे खरंच. पण घेतलीच तर ती निदान यंत्राला तरी लागावी.

"मोटारीला पन खुरासणी चालता?" बायजाने विचारलं.

"आजपासून चालतं," मी म्हटलं, आणि निघाले.

आश्चर्य म्हणजे गिअर लोण्यासारखे पडत होते. शेणवा गाव मागे पडलं. मोटार तापली, तेल तापलं, आणि तळाच्या फटीतून असा काही वास वर येऊ लागला की वाटेवरची माणसं थांबून आमच्याकडे भुकेल्या नजरेने पाहत होती. बैठक सुरू व्हायच्या आत मी डाकबंगल्याच्या आवारात शिरले. वेळेवर. एकटी. कोणाच्याही मदतीविना. केस विस्कटलेले, कोपरापर्यंत काळी, पण जिंकलेली!

साहेब व्हरांड्यात उभे होते. मागे भिंतीला टेकून तुकाराम.

"वा, बाई! आलात." मग त्यांनी नाक वर केलं. "भजी कुठे तळतायत?"

तुकारामही हवेत नाक फिरवू लागला. साहेब पायऱ्या उतरले, वासाचा माग काढत मोटारीपाशी आले, आणि वाकले.

टप्. टप्. टप्.

आता ती खरोखर गळत होती हो. त्या बिनआट्यांच्या बोल्टाच्या भोकातून, अगदी नियमितपणे. साहेबांनी थेंब बोटावर घेतला आणि सामान्य माणसासारखा सरळ वास घेतला.

"बाई, मोटारीच्या गिअरबॉक्समधून खुरासणीचं तेल कसं येतं?"

काय सांगायचं? एक कारण सांगितलं तर तपासनीस भेटी घेते असं ठरत होतं. दुसरं सांगितलं तर तपासनीस धडधाकट मोटारी फाडते असं ठरत होतं. शेवटी दोन्ही सांगितली. क्रमवार, मुद्देसूद, काहीही न गाळता, मडक्यापासून बोल्टापर्यंत. साहेबांनी डोळे मिटून सगळं ऐकलं.

"म्हणजे वाघ नव्हता," ते म्हणाले.

"नाही."

"चोर?"

"नाही साहेब."

"आणि मोटारही बिघडली नव्हती. तुम्ही तिच्याखाली जाईपर्यंत."

"...नाही."

त्यांनी डोळे उघडले. "तुकाराम, सोमवारपासून बाईंबरोबर जायचं."

"पण साहेब!" मी म्हटलं. "मी वेळेवर आले! एकटी आले! मला संरक्षणाची काय गरज आहे?"

"तुम्हाला कोण देतंय?" साहेब म्हणाले. "मी मोटारीला देतोय."

आणि तो हुकूम तुकारामने कोंबडीवरच्या निष्ठेने पाळला. पुढची सगळी वर्षं, वाटेत कुठेही थांबून मी नुसता चपलेचा अंगठा सरळ करायला वाकले, तरी मागच्या सीटवरून करडा आवाज यायचा: "बाई, मोटारीपासून लांब व्हा!"